हंगामी शहर, बारमाही माणसे

अलीकडे आपल्याकडे शहरांना ऋतू वाटून देण्याची एक टूम निघाली आहे. अमुक शहर उन्हाळ्याचे, तमुक पावसाळ्याचे; आणि आमच्या विदर्भाच्या वाट्याला हिवाळा आला आहे. थंडीच्या दिवसांत नागपूरने क्रीडा, संस्कृती आणि विरंगुळा यांचे माहेरघर म्हणून देशापुढे उभे राहावे, लोकांनी चार दिवस काढून यावे, सामने पाहावेत, गाणी ऐकावीत, वाघ पाहावा आणि संत्री घेऊन परतावे, ही भाषा गेली काही वर्षे व्यासपीठांवरून आणि जाहिरातींतून सतत कानी पडते. संत्रानगरी, उपराजधानी, व्याघ्र-राजधानी अशी बिरुदेही एकामागून एक बहाल होत आहेत. आमचा विरोध उत्सवाला नाही. विरोध आहे तो या भाषेला. या भाषेत पाहुण्याची मोजदाद असते, घरच्यांची नसते. आणि ज्या घरात केवळ पाहुण्यांसाठी दिवे लागतात त्या घरातली मुले अंधारात वाढतात.

आम्ही हे जामहून लिहीत आहोत, हे सांगणे भाग आहे. जाम हे वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातले गाव. नागपूरच्या दक्षिणेस साठ-पासष्ट किलोमीटरवर येथे रस्ता फुटतो. एक वाट हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद करीत हैदराबादेला जाते, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरला. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 7 म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता आज क्रमांक 44 म्हणून ओळखला जातो. ताडोब्याच्या मोहर्ली दरवाजाकडे निघालेल्या गाड्या येथे चहापुरत्या थांबतात. गाडीतल्या मंडळींच्या लेखी जाम म्हणजे एक थांबा. त्यापलीकडे येथे वस्ती आहे, शेते आहेत, शाळेत जाणारी पोरे आहेत, हे त्यांच्या ध्यानी येण्याचे कारण नाही. फाट्यावरच्या गावाचे प्राक्तनच ते, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु शहराच्या उत्सवाचा जमाखर्च शहरात बसून जसा दिसतो तसा फाट्यावरून दिसत नाही. म्हणून हा फाट्यावरचा हिशेब.

नागपूरच्या हिवाळ्याचा आद्य उत्सवकर्ता कोण, याचा आधी विचार करू. ते सरकारच होय. 28 सप्टेंबर 1953 रोजी नागपूर करार झाला. विदर्भ मुंबईला जोडला जाणार, तर विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला भरावे, असे त्यात ठरले. 1956 साली नागपूरचे राजधानीपण गेले आणि 1960 साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर हिवाळी अधिवेशनाची परंपरा सुरू झाली. मूळ हेतू गंभीर होता: राज्यकर्त्यांनी वर्षातून एकदा तरी येथे येऊन येथल्यांची गाऱ्हाणी ऐकावीत. आज अधिवेशन म्हटले की सामान्य माणसाला काय आठवते? मोर्चे, बंदोबस्त, अडलेले रस्ते आणि शेतावरच्या हुरड्याच्या मेजवान्या. 2020 आणि 2021 साली महासाथीमुळे अधिवेशन येथे भरलेच नाही. 2024 साली ते 16 डिसेंबरला सुरू झाले आणि 21 डिसेंबरला आटोपलेही. जे वचन म्हणून दिले गेले, त्याची वारी झाली, आणि वारीची हळूहळू सहल झाली. उत्सवाची भाषा गळी उतरली की कर्तव्याचे असे होते. हिवाळी शहराच्या योजनेला आमचा पहिला आक्षेप या अनुभवातून आलेला आहे.

दुसरा आक्षेप ऋतूविषयीचा. शहर ज्या महिन्यांना 'हंगाम' म्हणते, त्याच महिन्यांत आमच्याकडे खराखुरा हंगाम चालू असतो. सोयाबीन निघालेले असते, आणि कापसाची वेचणी चाललेली असते. थंडीच्या सकाळी दवाने ओली झालेली बोंडे वेचणाऱ्या बायांना त्या दिवसांत मान वर करण्याची उसंत नसते. हिंगणघाटच्या बाजारात भाव काय फुटला, यावर घरातल्या लग्नाची तारीख ठरते. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकरी-आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्या सहांत वर्धा होता, हे विसरता येत नाही. अशा जिल्ह्याच्या उशाशी बसून, हिवाळा हा मौजेचा काळ आहे, असे देशाला सांगताना निदान आवाज तरी खाली असावा. जाहिरातीच्या फलकावर संत्रे झळकते. ते पिकवणाऱ्या काटोल-वरूडच्या बागायतदाराला बांगलादेशाने आयातशुल्क वाढवल्यापासून भाव मिळवताना काय यातायात पडते, ते फलकावर मावत नाही.

आता क्रीडेचा मुद्दा घेऊ, कारण या योजनेचे ते पहिले आकर्षण. नागपूरहून वर्ध्याच्या रस्त्यावर जामठा येथे 2008 साली भव्य क्रिकेट मैदान झाले. मोठा सामना असला की हा रस्ता वाहनांनी तुंबतो. फेब्रुवारी 2023 मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा कसोटी सामना तेथे तिसऱ्याच दिवशी संपला. पाच दिवसांची पाहुण्यांची बेगमी करून बसलेल्यांचे दोन दिवस तसेच गेले. तो खेळाचा भाग झाला. परंतु ज्या क्रिकेटचा विदर्भाला अभिमान वाटावा ते क्रिकेट या गर्दीत घडले नाही. 2017-18, 2018-19 आणि 2024-25 या तीन हंगामांत विदर्भाने रणजी करंडक जिंकला. तो जिंकणारी मुले वर्षानुवर्षे, बिनगर्दीच्या सकाळी, सरावाच्या जाळ्यात घडली. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. ते यशही कोणत्या महोत्सवाच्या मांडवात पिकले नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आखाड्याची माती राखते आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके तेथे दाखवली. रोजच्या मातीतून जगाच्या मैदानावर जाण्याचा मार्ग असा असतो. सामना पाहण्यासाठी पाहुणा आणता येतो. खेळाडू मात्र घरीच वाढवावा लागतो. समुद्रपूर तालुक्यातल्या किती शाळांना सपाट मैदान आहे आणि त्यांपैकी किती मैदानांवर संध्याकाळी सहानंतर खेळता येते, हा प्रश्न ज्या क्रीडामहोत्सवाला पडत नाही, त्याला आम्ही करमणूक म्हणू. क्रीडा म्हणणार नाही.

तीच गोष्ट संस्कृतीची. आमच्या जिल्ह्याला साहित्याचा मान दोनदा मिळाला. 1969 साली पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर 54 वर्षांनी, फेब्रुवारी 2023 मध्ये, 96 वे संमेलन न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा वर्ध्यालाच झाले. त्याच दिवसांत त्याच शहरात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. दोन मांडव, दोन विचार आणि पुस्तकांची दुकाने: हे सारे चांगलेच झाले, आणि आम्हांला त्याचा आनंद आहे. परंतु तीन दिवसांनी मांडव उतरला. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालचा आहे. म्हणजे खेड्यातल्या वाचनालयाची जबाबदारी समाजाने आणि शासनाने मान्य केल्याला अर्धशतक उलटले. तरीही वाचनालयाच्या कपाटाचे कुलूप आणि संमेलनाच्या कमानीचे दिवे यांची तुलना केली तर पैसा कोठे सहज जातो, हे कोणालाही कळेल. संस्कृती वर्षातून तीन दिवस येऊन उतरणारी पाहुणी असेल, तर उरलेल्या 362 दिवसांत आपण कोण असतो?

यावर कोणी म्हणेल, की मग उत्सव नकोतच काय? मुळीच तसे नाही. उलट आमच्या आसपासच खरे उत्सव आहेत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी अशोक विजयादशमीला लाखो माणसे दीक्षाभूमीवर येतात. त्यांना कोणी सवलतीच्या सहलीचे पत्रक धाडलेले नसते. दक्षिणेकडून येणाऱ्यांचा रस्ता या जामवरूनच जातो. भाकरी बांधून, लेकरे खांद्यावर घेऊन माणसे येतात आणि परतताना पुस्तके घेऊन जातात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी काळी-पिवळी मारबत सव्वाशेहून अधिक वर्षे निघते आहे. ती पाहुण्यांसाठी नसून गावाची पीडा गावाबाहेर टाकण्यासाठी आहे. आमच्याच तालुक्यात गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे. तेथे हिंदू कोण, मुसलमान कोण, हे पायऱ्या चढणाऱ्यांच्या गर्दीत ओळखू येत नाही. या तिन्ही ठिकाणी लोक येतात, दुकाने लागतात, चार पैसे फिरतात. परंतु क्रम ध्यानात घ्यावा: आधी श्रद्धा, स्मरण किंवा गावाची गरज, मागाहून बाजार. हिवाळी शहराच्या योजनेत क्रम उलटा आहे. तेथे आधी बाजार ठरतो, आणि त्याला शोभेल असा उत्सव मागाहून शोधला जातो.

याचा एक दाखला आपल्या ख्रिस्ती वाचकांना दूरच्या देशातूनही देता येईल. जर्मनीत बव्हेरियाच्या डोंगराळ भागात ओबरआमरगाऊ नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. 1633 साली प्लेगने गाव हवालदिल झाले, तेव्हा गावकऱ्यांनी नवस केला, की संकट टळले तर प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक आम्ही दर दहा वर्षांनी करू. 1634 पासून ते गाव हा नवस फेडते आहे. 2020 सालचा प्रयोग महासाथीमुळे पुढे ढकलावा लागला आणि 2022 मध्ये झाला. जगभरातून लाखो लोक तेथे जातात, राहतात, पैसे खर्च करतात. तरीही रंगमंचावर कोण येणार, याचा नियम कडक आहे: जो त्या गावी जन्मला किंवा ज्याने तेथे वीस वर्षे काढली, तोच. पाहुण्यासाठी कलावंत भाड्याने आणायचा नाही. त्या नाटकात दोष नव्हते असे नाही. यहुदी समाजाविषयीचा जुना द्वेषभाव संहितेतून काढून टाकण्यासाठी त्यांना अलीकडच्या दशकांत पुष्कळ परिश्रम घ्यावे लागले. तेही त्यांनी घेतले, कारण नाटक त्यांचे स्वतःचे होते. जे आपले असते, त्याची लाजही आपल्याला वाटते आणि ते आपण सुधारतो. कंत्राटदाराकडून आणलेल्या उत्सवाची लाज कोणालाच वाटत नाही.

आता श्रद्धेच्या अंगाने पाहू. हे सगळे आपल्या त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात आला असेलच. आमोस हा संदेष्टा मेंढपाळ होता आणि उंबराच्या झाडांची निगा राखत असे. म्हणजे आमच्यासारखाच फाट्यावरचा माणूस. राजधानीतले सण, गायन आणि वाद्यांचा गजर परमेश्वराला का नकोसा झाला, हे त्याने सांगितले: त्या गजरामागे गरिबाचा न्याय दाबला जात होता. शब्बाथ कधी सरतो आणि धान्याचा बाजार कधी उघडतो, याची वाट पाहणाऱ्या व्यापाऱ्यांवरही त्याने कोरडे ओढले. शब्बाथाच्या आज्ञेत विश्रांती कोणाकोणाला दिली आहे, ते आठवावे: घरधन्याला, मुलाबाळांना, दासदासींना, बैलाला, आणि वेशीच्या आत राहणाऱ्या परक्यालाही. एकाच्या विरंगुळ्यासाठी दुसऱ्याने राबावे, ही सूट त्या आज्ञेत कोठेच नाही. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामगाराच्या विश्रांतीचा हक्क मांडला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1998 साली प्रभुवारावर लिहिलेल्या 'दिएस दोमिनी' या प्रेषितीय पत्रात त्याचीच आठवण करून दिली, आणि पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात रविवारची विश्रांती गरिबांच्या आणि सृष्टीच्या काळजीशी जोडली.

ही केवळ धर्मग्रंथातली गोष्ट नाही, कायद्यातलीही आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने वर्षाचे 365 दिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली. पण त्याच कायद्याने कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुटी द्यावी असेही बजावले. मात्र 2017 साली हा कायदा मुख्यत्वे दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी झाला. रस्त्याकाठचा धाबा, चहाची टपरी, मांडवाच्या कंत्राटदाराची पाच-सहा पोरांची टोळी यांच्या रविवारची चौकशी कोण करतो? उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मैदान झाडणाऱ्या बाईला उत्सव कोणता होता हेही ठाऊक नसते. शहराने हिवाळ्यात जेवढी सुटी विकली, तेवढीच सुटी कोणाच्या तरी पदरातून काढून घेतली, असा हा व्यवहार होऊ नये.

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील. पहिला रोजगाराचा. पर्यटनाने हाताला काम मिळते, हे खरे आहे, आणि जामच्या फाट्यावर पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्या पोरांना आम्ही 'धंदा बंद करा' असे कधीच म्हणणार नाही. पण तीन महिन्यांचे काम हे पोटाला आधार देते, भवितव्य देत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा त्या पोराने काय करावे, याचे उत्तर योजनेत असले पाहिजे. दुसरा आक्षेप असा, की शहराचे नाव झाले की सोयी आपोआप येतात. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. तोवर नागपुराला बिरुदांची वाण नव्हती. ज्या नदीने शहराला नाव दिले तिची निगा बिरुदांनी राखली नाही. तिसरा आक्षेप असा, की आम्ही शहराचा हेवा करतो. याचे उत्तर 2020 च्या उन्हाळ्याने दिले आहे. टाळेबंदीत तेलंगणातून उत्तरेकडे घरी निघालेले मजूर याच महामार्गाने पायी गेले. तो या रस्त्याचा दुसरा हंगाम होता. त्याची जाहिरात कोणी केली नाही. त्या वेळी रस्त्याकाठच्या गावांनी पाणी आणि भाकरी पुढे केली. आलेल्या माणसाचे स्वागत कसे करावे, हे फाट्यावरच्या गावांना शिकवण्याची गरज नाही.

आपल्या धर्मग्रामांनाही येथे काही सांगितले पाहिजे. ख्रिस्तसभेलाही ऋतू आहेत. परंतु तिच्या पंचांगात सणाआधी तयारी आहे: नाताळापूर्वी आगमनकाळ, पुनरुत्थानापूर्वी उपवासकाळ. शहराच्या हिवाळी हंगामाला डिसेंबरचा पहिला आठवडा उजाडताच नाताळ हवा असतो, कारण दुकाने तयार असतात. आणि 26 तारखेला, जेव्हा आपला नाताळकाळ नुकता सुरू झालेला असतो, तेव्हा तोच बाजार तारे उतरवू लागतो. या घाईला आपल्या सभागृहांत जागा मिळू नये. गोव्यात 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दशवार्षिक दर्शन झाले. त्याच दिवसांत तेथला पर्यटनाचा हंगामही ऐन भरात असतो. एकाच रांगेत यात्रेकरूही उभा राहतो आणि प्रवासीही. दोघांनाही आत घेतलेच पाहिजे. पण यात्रा कोणत्या नियमांनी चालावी, हे यात्रेकरूच्या गरजेवरून ठरले पाहिजे. हा विवेक आपल्या लहानसहान यात्रांतही लागतो.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. हिवाळी महोत्सवावर जो खर्च होईल, त्याचा एक दशांश त्याच जिल्ह्यांतल्या आणि शेजारच्या तालुक्यांतल्या शाळांच्या मैदानांना आणि वाचनालयांना द्यावा. दशांशाची कल्पना आपल्या वाचकांना नवी नाही. महोत्सवाच्या प्रत्येक कंत्राटात राबणाऱ्यांची आठवड्याची सुटी आणि रोजची मजुरी लिहिलेली असावी, आणि तो कागद लोकांना पाहायला मिळावा. महामार्गावरच्या जामसारख्या गावांत पाहुण्यासाठी जी स्वच्छतागृहे आणि सावली उभारली जाईल, ती जूनच्या पेरणीला निघालेल्या मजुरालाही उघडी असावी. बचत गटाच्या बायांना विक्रीसाठी पक्की जागा असावी आणि ती बाराही महिने असावी. आणि आपल्या धर्मग्रामांनी, आपल्या धर्मभगिनींनी व शाळाचालकांनी आपल्या शाळांच्या मैदानांची फाटके संध्याकाळी दोन तास वस्तीतल्या सर्व मुलांसाठी उघडावीत, मग ती मुले आपल्या शाळेची असोत वा नसोत, आपल्या धर्माची असोत वा नसोत. सरकारने दशांश द्यावा असे म्हणताना आपल्या हातातली किल्ली आपण खिशात ठेवू नये.

हे झाले, तर नागपूरने खुशाल स्वतःला हिवाळ्याचे शहर म्हणवून घ्यावे. पाहुण्यांनी यावे, सामने पाहावेत, गाणी ऐकावीत. जाताना जामच्या फाट्यावर थांबून चहाही घ्यावा. चहा देणाऱ्या पोराला त्या आठवड्यात एक सुटी मिळालेली असेल आणि ती त्याने गावच्या मैदानावर खेळून घालवलेली असेल, एवढीच आमची अट आहे.